पेनाची नळी ठोकून बसवायची नसते

हाताने लाकडी पेन बनवणाऱ्यांत एक समज पक्का रुजला आहे: लाकडाच्या तुकड्यातलं भोक इतकं घट्ट हवं की त्यात गोंदाने बसवायची पितळी नळी ठोकूनच आत जावी. हे चूक आहे. घट्ट भोकाच्या तोंडाशीच सगळा गोंद खरवडला जातो आणि आत नळी कोरडी राहते. मग लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) पटाशी लागताच नेमकं तिथलंच लाकूड उडतं. सुपरग्लू असेल तर नळी अर्ध्यातच अडकते.

नळी बोटाने सरकावी, पण डुगडुगू नये. व्यासात 0.1 मिमी मोकळीक पुरे. नळी आधी 150 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या.

नळीच्या मापाला योग्य अशा 7 मिमीच्या ड्रिलनेही भोक सैल आलं, तर बहुधा ड्रिलच्या दोन धारा असमान असतात. दर सेंटीमीटरला ड्रिल बाहेर काढून भुसा झाडा, नाहीतर लाकूड तापून तडकतं. लाकडाचा तुकडा नळीपेक्षा 4-5 मिमी जास्त लांब ठेवा. भोक आरपार जाताना फुटलेली कड नंतर कापता येते.