फुप्फुसकार्य चाचणी व तापमान

कामगारांच्या श्वसनमापनाच्या (फुंकून सोडलेल्या हवेचे घनफळ मोजण्याच्या) अचूकतेवर उपकरणाच्या तापमानाचा होणारा परिणाम. फुप्फुसातील हवा ३७° से. तापमानाची व बाष्पसंपृक्त असते. श्वसनमापकात ती निवून आकुंचन पावते आणि तिच्यातील काही बाष्पाचे पाणी होते. मोजलेले घनफळ त्यामुळे कमी भरते व त्याला दुरुस्ती-गुणकाने गुणावे लागते. समुद्रसपाटीलगत हा गुणक २०° से.ला सुमारे १.१०, २५° से.ला १.०७५, ३०° से.ला १.०४५ व ३७° से.ला अर्थातच १ असतो. म्हणजे तापमानाची नोंद एका अंशाने चुकल्यास उत्तर जवळजवळ अर्ध्या टक्क्याने चुकते.

एखाद्या रुग्णाच्या निदानात एवढ्या चुकीने सहसा फरक पडत नाही. कामगारांच्या पाहणीत मात्र शोधायची घटच लहान असते : निरोगी प्रौढात पहिल्या सेकंदातील उच्छ्वास-घनफळ वर्षाला साधारणतः २५ ते ३० मिलि. कमी होते. गोव्यातील डिचोली वा सांगे तालुक्यातील खाणीवर सकाळी उपकरणात भरलेला २४° से. हा तापमानाचा आकडा दुपारी खोली ३०° से.पर्यंत तापल्यावरही तसाच राहिला, तर घनफळमापी उपकरणावर (हवा साठवून तिचे घनफळ मोजणाऱ्या) ३ लिटरचे सुमारे ३.१ लिटर दिसतात आणि धुळीमुळे पाळीअखेर झालेली तेवढीच घट झाकली जाते. दुपारी वातानुकूलनाने खोली सकाळपेक्षा गार झाली, तर नसलेली घट दिसते.

गुणक कोणत्या तापमानाचा घ्यावा याविषयी एकमत नाही. जॉन हचिन्सनच्या १८४६च्या सुमाराच्या जलबद्ध (पाण्याने हवाबंद केलेल्या) श्वसनमापकापासून चालत आलेल्या घनफळमापी उपकरणांत हवा तत्काळ निवते, असे सोयीसाठी गृहीत धरले जाई. प्रत्यक्षात पहिल्या सेकंदात ती पुरती निवलेली नसते; म्हणून पूर्ण गुणक लावल्यास त्या सेकंदाचे घनफळ फाजील येते, आणि उपकरण जितके गार तितकी ही चूक मोठी. यावर १९८०च्या दशकाच्या आरंभी हँकिन्सन व व्हायोला या संशोधकांनी काळानुसार बदलणारा गुणक मांडला. तत्त्वतः तो अधिक बरोबर आहे. परंतु निवण्याचा वेग उपकरणाच्या धातूवर व आकारावर अवलंबून असल्याने, उपकरण फार गार होऊ न देणे आणि प्रत्येक चाचणीच्या वेळी त्याच्या आतील तापमान नोंदणे हाच मार्ग क्षेत्रपाहणीत अधिक भरवशाचा ठरतो. अमेरिकन व युरोपीय श्वसनवैद्यक संस्थांच्या २००५च्या संयुक्त मानकात खोलीच्या तापमानासाठी १७° ते ४०° से. ही मर्यादा दिलेली होती. गोव्यातील खोल्या बहुधा तिच्यात बसतात.

प्रवाहमापी (हवेचा वेग मोजून त्यावरून घनफळ काढणाऱ्या) उपकरणांत उच्छ्वास व श्वास यांचे गुणक वेगळे असतात. अंशांकनाची (उपकरणाचे माप पडताळून जुळवण्याची) ३ लिटरची पिचकारी उपकरणाशेजारीच ठेवावी लागते; उन्हातल्या गाडीतून आणून लगेच वापरल्यास तिच्यातील ऊन हवा उपकरणात आकसते आणि पुढील सर्व मापने त्याच चुकीने सरकतात.