चार इंजिनं म्हणजे जास्त सुरक्षित?

‘महासागर ओलांडायला चार इंजिनांचंच विमान हवं, कंपन्या पैसे वाचवायला दोन इंजिनांवर आल्या’ हा समज अजून टिकून आहे. पैशांचं खरं आहे: चार इंजिनांना इंधन आणि देखभाल दोन्ही जास्त लागतं. पण त्यासाठी सुरक्षितता पणाला लावली, हे साफ चूक.

एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर विमान उडत राहतं. अशा वेळी पर्यायी विमानतळ किती मिनिटांच्या अंतरात हवा, ही मर्यादा नियामक ठरवतात, आणि ती परवानगी विमानाच्या मॉडेलला आणि कंपनीला, दोघांनाही स्वतंत्रपणे मिळवावी लागते. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटं झाली. २०१४ मध्ये दोन इंजिनांच्या एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत मान्यता मिळाली. इंजिनं इतकी भरवशाची झाली, म्हणूनच चार इंजिनांची बोइंग ७४७ आणि एअरबस ए३८० मागे पडली.