मांजरांचा बीपी आणि त्यामागची हार्मोनची कारणं

मांजरालाही बीपी होतो, आणि काही मांजरांत त्याचं मूळ गळ्यातल्या थायरॉइड नाहीतर किडनीजवळच्या अॅड्रिनल ग्रंथीत असतं, ते मूळ कसं शोधतात त्याची ही नोंद. मराठवाड्यात मांजर पाळतात ते कणगीतलं धान्य उंदरांपासून वाचवायला, तिचं वय कोण मोजतंय, मग बारा-तेरा वर्षांची मनी माळवदावरची उडी चुकायला लागली, उंबऱ्याला धडकायला लागली की "म्हातारी झाली" म्हणून सोडून देतात. पण बऱ्याचदा बीपी वाढून डोळ्याच्या आतला पडदा सुटलेला असतो, बाहुली मोठी होते आणि उन्हातही आकसत नाही.

आधी बीपी नीट मोजायला पाहिजे. वरचा आकडा १४० च्या आत नॉर्मल, १६० च्या पुढं आजार, १८० च्या पुढं डोळे, मेंदू, किडनी सगळंच धोक्यात. घाबरलेल्या मांजराचा बीपी उगाच चढतो, म्हणून शांत खोलीत ५-१० मिनिटं बसू द्यायचं, पट्टा पायाच्या घेराच्या ३०-४० टक्के रुंद घ्यायचा, पहिलं रीडिंग सोडून पुढच्या पाच-सात रीडिंगची सरासरी काढायची.

सगळ्यात जास्त वेळा कारण किडनीच निघतं. पण तिथंच थांबणं चूक आहे.

मांजर भरपूर खातं तरी वाळत चाललंय, छाती जोरात धडधडते, गळ्यात गाठ लागते, तर थायरॉइड जास्त काम करत असेल, म्हणून टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) तपासावं. दुसरा आजार सोबत असला की टी-फोर दबून नॉर्मल दिसतं, शंका असेल तर काही आठवड्यांनी परत करावं. थायरॉइड आटोक्यात आलं की झाकलेला किडनीचा आजार वर येऊ शकतो, म्हणून उपचारानंतर क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची तपासणी) बघावंच लागतं.

सगळ्यात जास्त निसटतं ते अल्डोस्टेरॉन. अॅड्रिनलमध्ये गाठ झाली किंवा ती ग्रंथी फुगली की हे हार्मोन जास्त बनतं, सोडियम धरून ठेवतं म्हणून बीपी चढतो, आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं, मग मांजराची मान खाली झुकते, पाय लटपटतात. किडनीच्या आजारातही पोटॅशियम कमी होतं, त्यामुळं सगळा दोष किडनीवर जातो. खरं तर पोटॅशियम कमी असताना अल्डोस्टेरॉन खाली यायला पाहिजे, ते तेव्हाही नॉर्मलच्या वरच्या टोकाला असेल तर संशय घ्यावा. अल्डोस्टेरॉन जास्त आणि रेनिन (किडनीतून येणारं, अल्डोस्टेरॉन वाढवायला लावणारं द्रव्य) कमी म्हणजे ग्रंथी स्वतःच बिघडलीय, दोन्ही जास्त म्हणजे कारण बाहेर कुठंतरी आहे. रेनिनचं सॅम्पल थंड ठेवावं लागतं, मे महिन्यात ४० च्या वर ऊन असताना तालुक्यातून पाठवायचं म्हणजे अवघडच, म्हणून पोटॅशियम, अल्डोस्टेरॉन आणि अॅड्रिनलची सोनोग्राफी एवढं तरी करावंच. पोटॅशियम नॉर्मल आलं म्हणून हा आजार नाही असं मात्र धरू नये. एकाच बाजूला गाठ असली तर ऑपरेशन होऊ शकतं, नाहीतर स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनचं काम अडवणारं औषध) आणि पोटॅशियमवर चालवतात.

फिओक्रोमोसायटोमा (अॅड्रिनलची अॅड्रिनलिनसारखी हार्मोन सोडणारी गाठ) आणि कुशिंग (कॉर्टिसॉल हार्मोन जास्त होण्याचा आजार) मांजरांत फार क्वचित. शुगर इन्सुलिननंही हलत नसेल, कातडी पातळ होऊन फाटत असेल तर कुशिंग डोक्यात ठेवायचं.

परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, कोणती तपासणी होते ते आधी फोनवर विचारून निघावं म्हणजे मांजराचा प्रवास वाया जात नाही. बीपी १८० च्या पुढं असेल तर हार्मोनच्या रिपोर्टसाठी थांबू नये, डॉक्टर अॅम्लोडिपिन ही बीपी उतरवणारी गोळी लगेच सुरू करतात, पडदा नुकताच सुटला असेल तर काही मांजरांना परत थोडं दिसायला लागतं. ही गोळी घरात आजोबांच्या डब्यातही असते, पण मांजराला तिचा बारीक तुकडाच लागतो, तो किती हे डॉक्टरांनीच ठरवायचं.