कांचनाच्या शेंगेचा पीळ

उन्हाळ्यात कांचनाखाली थोडा वेळ उभं राहिलं की मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो. आपट्याच्या या भावंडाची वाळलेली शेंग तडकते आणि बिया लांब उडतात. खाली पडलेली टरफलं उचलून पाहा: एकाचा पीळ डावा, दुसऱ्याचा उजवा. टरफलात जीव उरलेला नसतो. त्यातलं पाणी निघून जातं, तेवढ्यावर हे सगळं घडतं.

निर्जीव वस्तूचा आकार असा आपोआप बदलायला लावताना माणसाला आधी जमलं ते नुसतं वाकवणं. इंग्लंडच्या जॉन हॅरिसननं अठराव्या शतकात सागरी घड्याळासाठी पितळ आणि पोलादाच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. तापल्यावर पितळ जास्त प्रसरण पावतं, म्हणून जोडपट्टी वाकते. इस्त्रीचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवरणारा खटका, याच तत्त्वावर चालतो. पट्टी नेमकी किती वाकेल, याचं गणित अभियंते टिमोशेंको यांनी 1925 मध्ये मांडलं. पण धातू सगळ्या दिशांना सारखाच फुगतो, त्यामुळे पट्टी वाकते, पिळत नाही.

पिळासाठी पदार्थाला ‘दिशा’ लागते. शेंगेच्या टरफलात ती तंतूंमुळे येते. आतल्या आणि बाहेरच्या थरांतले तंतू एकमेकांना काटकोनात आणि शेंगेच्या लांबीला 45 अंशांत तिरके असतात. वाळताना प्रत्येक थर आपल्या तंतूंना आडवा आकसतो आणि दोघांच्या ओढाताणीत टरफल पिळतं.

मऊ पदार्थांत अशी दिशा आणायला वेळ लागला. द्रवस्फटिकांची, म्हणजे द्रवासारखं वाहूनही रेणूंची दिशा राखणाऱ्या पदार्थांची, चाहूल प्रागमध्ये रायनिट्झर यांना 1888 मध्येच लागली होती. त्यांचं कोलेस्टेरॉलचं एक संयुग 145.5 अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झालं आणि 178.5 अंशांना एकदम नितळ. हे दिशा धरून राहणारे रेणू रबराच्या जाळ्यात गुंफण्याची कल्पना फ्रान्सच्या द जेन यांनी 1975 मध्ये मांडली, आणि 1981 मध्ये जर्मनीत फिंकेलमान यांनी असं रबर बनवलं. तापवलं की रेणूंची शिस्त मोडते आणि रबर त्या दिशेनं आखडतं. गार झालं की पुन्हा लांबतं.

माझ्या मते या कहाणीचा खरा रंगतदार भाग 2011 चा आहे. त्या वर्षी जपानमध्ये अशा रबराच्या फितींवर आणि इस्रायलमध्ये थेट कांचनाच्या शेंगेवर काम प्रसिद्ध झालं. इस्रायलच्या गटानं लॅटेक्सचे, म्हणजे साध्या रबराचे, दोन पातळ पत्रे काटकोनात ताणून एकमेकांना चिकटवले आणि त्यातून तिरक्या पट्ट्या कापल्या. अरुंद पट्टी जागच्या जागी पिळली, चकरी जिन्यासारखी. रुंद पट्टीला ते परवडेना, कारण तसं पिळायचं तर कडा फार ताणाव्या लागतात. तिनं स्प्रिंगसारखं वेटोळं घेतलं. पत्रा तोच, ताणही तोच. फरक होता तो फक्त कात्री कुठे चालवली याचा.