हातात माती आल्याशिवाय जमीन आपली नाही: जुन्या स्कॉटलंडमधल्या मालकीहक्काची पार्श्वभूमी

सोळाव्या शतकातला स्कॉटलंड. शेताच्या बांधावर पाच-सहा माणसं उभी आहेत. जमीन देणाऱ्याचा कारभारी, त्याला तिथे ‘बेली’ म्हणत, खाली वाकतो. मातीचं एक ढेकूळ आणि एक दगड उचलतो आणि घेणाऱ्याच्या किंवा त्याच्या मुखत्याराच्या हातात ठेवतो. साक्षीदार बघत असतात आणि शेजारी उभा असलेला नोटरी हे सगळं लॅटिनमध्ये टिपून घेतो. जमीन खऱ्या अर्थाने हस्तांतरित होई ती या क्षणी. घरात कितीही मोठ्या मोहरेची सनद असली, तरी हा विधी झाला नसेल तर मालकी पुरी झाली नाही, असं कायदा मानत असे.

या विधीचं नाव ‘सेझिन’. प्रत्येक प्रकारच्या हक्काची खूणही वेगळी होती. पाणचक्कीचा ताबा देताना चक्कीचे सुटे भाग हातात देत, आणि नदीतल्या मासेमारीच्या हक्कासाठी जाळं आणि होडी. जो हक्क उचलून हातात ठेवता येत नाही, त्याच्यासाठी हातात ठेवण्याजोगं काहीतरी शोधायचं, अशी ही पद्धत.

पण ‘मालक’ हा शब्द इथे जपून वापरायला हवा. सगळी जमीन मुळात राजाची. राजाने ती सरदाराला दिलेली, सरदाराने आणखी कुणाला आणि त्याने पुढे तिसऱ्याला. प्रत्येक जमीनधारकाच्या डोक्यावर एक वरचा धनी असे आणि त्या धन्याचा हक्क कधीच संपत नसे. त्यामुळे जमीन विकायची म्हणजे नुसता खरेदीदार गाठून भागत नव्हतं, वरच्याची मान्यता लागे. तिचे दोन रस्ते होते. एकात विकणारा आपली जमीन धन्याच्या हाती ‘परत’ करी आणि धनी ती खरेदीदाराला नव्या सनदेने देई. दुसऱ्यात विकणारा स्वतःच सनद लिहून देई आणि धनी नंतर ती कायम करून देई. सावध वकील मग सनदेत दोन्ही बाजू राखून ठेवत: ही जमीन ‘माझ्याकडून किंवा माझ्याखाली’ धरावी. धन्याने सनद कायम केली तर खरेदीदार थेट धन्याचा माणूस झाला, तोपर्यंत तो विकणाऱ्याच्या हाताखाली.

‘तोपर्यंत’ हा काळ धोक्याचा असे. लष्करी सेवेच्या बदल्यात धरलेल्या जमिनीपैकी निम्म्याहून अधिक जमीन धन्याच्या संमतीशिवाय विकली गेली, तर धनी सगळीच परत घेऊ शके. म्हणून लोक राजाकडून सनद कायम करून घ्यायला धावत आणि खजिन्यात त्याचे पैसे भरत. राजाच्या मोठ्या मोहरेच्या दफ्तरात अशा सनदा एकामागून एक नोंदलेल्या दिसतात.

मालक मेला की हे सगळं पुन्हा. वारसाने कचेरीतून आदेश काढायचा आणि त्यावरून 15 पंचांची चौकशी बसे. पंचांनी शपथेवर सांगायचं: मयत इसम मरताना या जमिनीच्या ताब्यात होता का? हा त्याचा सर्वात जवळचा कायदेशीर वारस आहे का? वयात आला आहे का? जमीन कुणाकडून आणि कोणत्या सेवेच्या बदल्यात धरली आहे? जुनी आकारणी किती, नवी किती? आणि सध्या ती कुणाच्या हाती आहे? उत्तरं परत कचेरीत गेली की पुढचा हुकूम निघे, आणि मग पुन्हा बांधावर जाऊन माती-दगड. वारस ओळखीचा असेल तर धनी ‘याचा हक्क स्पष्ट दिसतो’ अशी चिठ्ठी देऊन चौकशी टाळीही. पण वारसाने दिरंगाई केली, तर मधल्या काळात जमिनीवर धन्याचा हक्क चाले. वारस अज्ञान असेल तर लष्करी सेवेची जमीन तो वयात येईपर्यंत धन्याच्या ताब्यात जाई, आणि त्याचं लग्न कुणाशी व्हावं यावरही धन्याचा हक्क असे. आपल्याकडे राज्य पालटलं की वतनदार जुने कागद काढून नव्या सनदा मागायला निघत. स्कॉटलंडमध्ये ही धावपळ पिढीमागून पिढी चालू होती.

सगळ्या जमिनींवर तलवारीचंच ओझं होतं असं मात्र नाही. काही जमिनी नाममात्र खंडावर होत्या: वर्षाला एक पेनी, एक गुलाब किंवा हातमोज्यांचा जोड. फॉलिसच्या मन्रो घराण्याबद्दल तर असं सांगतात की राजाने मागितल्यास भर उन्हाळ्यातही बर्फाचा गोळा द्यायचा, एवढीच त्यांची अट होती.

खरी उलथापालथ धर्मसुधारणेच्या, म्हणजे स्कॉटलंडने पोपची सत्ता झुगारली त्या काळाच्या, सुमारास झाली. चर्चकडे प्रचंड जमीन होती, आणि पैशाच्या गरजेपोटी मठ ती ‘फ्यू’ पद्धतीने देत सुटले होते: आधी मोठी रक्कम, मग दरवर्षी ठरलेली पट्टी, आणि हक्क वंशपरंपरागत. महागाई वाढत गेली, पट्टी मात्र तीच राहिली, त्यामुळे ज्यांनी वेळीच फ्यू घेतला त्यांचं चांगलंच फावलं. त्यात काही ठिकाणी पिढ्यानपिढ्या कसणारी साधी कुळंही होती. अशा व्यवहारांना आधी घेतली जाणारी पोपची मान्यता 1560 नंतर निरर्थक झाली. मग 1564 च्या कायद्याने अशा नव्या फ्यूंना राजसत्तेची मंजुरी हवी असं ठरवलं. मंजुरीला अर्थातच पैसे. 1587 मध्ये तर चर्चच्या जमिनी राजाकडे जमा केल्याचा कायदा झाला.

भरीला स्कॉटलंडचं आणखी एक दुखणं: राजे लहानपणीच गादीवर येत. मेरी सहा दिवसांची असताना राणी झाली, तिचा मुलगा सहावा जेम्स तेरा महिन्यांचा असताना राजा झाला. अज्ञानपणी दिलेली दानं राजाला पंचविशी पुरी होईपर्यंत रद्द करता येत. हाच अधिकार वापरून पहिल्या चार्ल्सने 1625 मध्ये असा व्यापक फतवा काढला की अर्धा सरदारवर्ग हादरला. आजोबांच्या काळातली जमीनही आता सुरक्षित नाही, ही भीती त्यांच्या मनात बसली.

कागदाची ताकद सर्वात क्रूरपणे दिसली ती डोंगराळ उत्तर-पश्चिमेत. तिथल्या टोळीप्रमुखांचा हक्क वहिवाटीवर, माणसांवर आणि तलवारीवर उभा होता. 1597 मध्ये कायदा झाला: 15 मे 1598 पर्यंत आपापल्या सनदा दाखवा, नाहीतर जमीन गेली. लुईस बेटाच्या मॅक्लॉइडांना त्या दाखवता आल्या नाहीत, आणि त्यांचं बेट फाइफमधल्या गुंतवणूकदारांना देऊन टाकलं. बेटकऱ्यांनी त्यांना टिकू दिलं नाही ते वेगळं. शेवटी बेट गेलं मॅकेंझींच्या हाती, जे दरबार आणि कागद दोन्ही सांभाळण्यात तरबेज होते.

सेझिनच्या दस्तात एक मोठी फट होती: तो नोटरीच्या वहीत पडून राही. एकच जमीन दोघांना विकली, तर दुसऱ्याला कळणार कसं? 1599 मध्ये नोंदवहीचा एक प्रयत्न झाला, पण तो 1609 मध्ये बंद पडला. 1617 च्या कायद्याने मात्र पक्की व्यवस्था बसवली. सेझिनचा दस्त 60 दिवसांत सार्वजनिक नोंदवहीत गेला नाही, तर तिऱ्हाइताविरुद्ध त्याला किंमत नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने सनद आणि सेझिन हाती असून 40 वर्षं निर्वेध वहिवाट असेल, तर हक्काला धक्का लावता येणार नाही असं ठरवलं. राजाच्या सनदेची शहरं आपल्या स्वतंत्र वह्यांवर अडून बसली, तीही 1681 मध्ये या चौकटीत आली. सातबारावर नाव चढेपर्यंत आपला जीव जसा टांगणीला असतो, तशीच त्या 60 दिवसांत स्कॉटिश खरेदीदाराची अवस्था होत असणार.

विधीची माती मात्र सुटली नाही. 1625 पासून नोव्हा स्कॉशियातल्या जमिनींसह बॅरोनेट हा किताब विकला जाऊ लागला. पण ताबा घ्यायला अटलांटिक ओलांडून कोण जाणार? मग एडिंबरा किल्ल्याजवळची जागाच त्यापुरती नोव्हा स्कॉशिया मानली गेली, आणि तिथलीच माती हातात घेऊन लोक कॅनडातल्या जमिनीचे धनी झाले.

शेतावर जाऊन माती-दगड देण्याची गरज 1845 च्या कायद्याने संपवली. वरच्या धन्याचा हक्क उरला होता, तो 28 नोव्हेंबर 2004 रोजी गेला.