पायावरचा व्रण आणि संमतीपत्र

डिसेंबर १९४६. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या कोर्टात नाझी डॉक्टरांवर खटला चालू होता. तिथे यादविगा जिदो ही पोलिश तरुणी न्यायाधीशांसमोर उभी राहिली आणि तिने आपला पाय दाखवला. शेजारी उभे असलेले सरकारी पक्षाचे वैद्यकीय तज्ज्ञ डॉ. लिओ अलेक्झांडर त्यावरचे व्रण कशाचे, ते सांगत होते.

राव्हेन्सब्रूक ही नाझींची बायकांसाठीची छळछावणी. तिथे १९४२-४३ मध्ये सत्तरहून अधिक पोलिश कैदी बायकांवर प्रयोग झाले. धडधाकट पोटरी चिरायची, आत जंतू सोडायचे, काहींच्या जखमेत लाकडाचा भुसा नि काचेचा चुरा भरायचा आणि जंतूंवरच्या सल्फा औषधाने काय फरक पडतो ते बघायचं. रणांगणावरच्या जखमेची ही नक्कल होती. काही जणी त्यातच गेल्या. छावणीत या बायकांना ‘ससे’ म्हणत.

पण त्या गप्प राहिल्या नाहीत. काही जणी घरी पाठवायच्या पत्रांत, दोन ओळींच्या मधल्या जागेत, लघवीने लिहीत. वाळलं की अक्षरं दिसेनाशी होत. लुब्लिनला घरच्यांनी कागदावर गरम इस्त्री फिरवली की उमटत. शस्त्रक्रिया झालेल्यांची नावं अशी बाहेर पोहोचली.

डॉक्टरांवरच्या या खटल्यात २३ आरोपी होते. ऑगस्ट १९४७ मध्ये १६ दोषी ठरले, त्यातल्या ७ जणांना फाशी झाली. निकालपत्रातच मानवी प्रयोगांसाठी दहा कलमं होती, ‘न्यूरेंबर्ग संहिता’. पहिलंच कलम: ज्याच्यावर प्रयोग करायचा, त्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवीच.

मला सगळ्यात अस्वस्थ करते ती याआधीची गोष्ट. रुग्णाच्या संमतीचा नियम जर्मनीने १९३१ मध्येच केला होता. छावणीतल्या कैद्याला मात्र कुणी माणसांत धरलंच नाही. म्हणून १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये मंजूर झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातला ‘सर्व’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात आधी ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल अशी इंग्रजी शब्दरचना होती. मसुदा करणाऱ्या आयोगातल्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी आग्रह धरून तिथे ‘सर्व मानव’ आणलं. पुढे १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, संमतीशिवाय कुणावरही वैद्यकीय प्रयोग करायचा नाही, हे सातव्या कलमात आलं.

आज नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेताना आपल्यापुढे मराठीत संमतीपत्र येतं. ‘तुम्ही कधीही माघार घेऊ शकता’ असं त्यात छापलेलं असतं. न्यूरेंबर्गच्या दहा कलमांतलं ते नववं.