‘सर्वांत वाईट विभाग’: थीम पार्कवरील टोकाच्या टीकेची पार्श्वभूमी

थीम पार्कमधील एखादा नवा विभाग खुला होतो न होतो तोच त्याला आजवरची सर्वांत मोठी चूक ठरवणारे चाहते पुढे येतात. ही भाषा इंटरनेटने जन्माला घातली असे सर्रास मानले जाते, पण ती त्याहून जुनी आहे. १९९२ मध्ये पॅरिसजवळ युरो डिस्ने हे डिस्ने कंपनीचे थीम पार्क सुरू झाले त्या सुमारास फ्रेंच नाट्यदिग्दर्शिका आरियान म्नुश्किन यांनी त्याची संभावना ‘सांस्कृतिक चेर्नोबिल’ अशी केली होती. ते मात्र बाहेरच्यांचे बोल होते. आजची सर्वांत जहाल टीका त्या जागेवर जीव जडलेल्यांकडून येते, म्हणूनच तिचे मूळ शोधायला हवे.

चाहत्यांचा विरोध आरंभी सौम्य होता. फ्लोरिडातील मॅजिक किंगडम या डिस्नेच्याच पार्कमधील ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ बंद होणार अशी कुणकुण १९९७ मध्ये लागली, तेव्हा त्यांनी इंटरनेटवरून एकत्र येऊन पार्कमध्येच शांतपणे निदर्शने केली. तरीही सप्टेंबर १९९८ मध्ये ती राइड बंद झालीच.

याच्या नेमका उलट धडा कॅलिफोर्नियात मिळाला. डिस्नेलँडच्या जुन्या पार्किंगच्या जागेवर ८ फेब्रुवारी २००१ रोजी उघडलेल्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या डिस्नेच्या दुसऱ्या पार्कमधील उणिवा खऱ्याच होत्या: लहान मुलांसाठी राइड कमी, समुद्रकाठच्या साध्या जत्रेसारखा दिसणारा पॅराडाइज पिअर, आणि हॉलिवूडच्या रस्त्याच्या टोकाला उभा केलेला, आकाश रंगवलेला भलामोठा पडदा. गर्दी अपेक्षेपेक्षा बरीच कमी राहिली. अखेर २००७ मध्ये सुमारे ११० कोटी डॉलरची पुनर्रचना जाहीर झाली आणि जून २०१२ मध्ये तिथे ‘कार्स’ या ॲनिमेशनपटावर आधारलेला ‘कार्स लँड’ हा विभाग खुला झाला. कंपनीला हलवले ते मुख्यतः रिकाम्या वाटांनी. चाहत्यांच्या स्मरणात मात्र ‘आपण ओरडलो म्हणून सुधारणा झाली’ एवढेच उरले. माझ्या मते टोकाच्या भाषेला प्रतिष्ठा मिळाली ती इथे.

दरम्यान अपेक्षाही उंचावल्या होत्या. २०१० मध्ये डिस्नेची प्रतिस्पर्धी असलेल्या युनिव्हर्सलने फ्लोरिडातील ऑरलँडोत हॅरी पॉटरचे हॉग्समीड गाव उभारले आणि दुकानापासून पेयापर्यंत सारे काही एकाच कथेतले असावे हा नवा मापदंड रूढ झाला. पुढच्याच वर्षी डिस्नेने ‘अवतार’ चित्रपटावर आधारित पँडोरा या विभागाची घोषणा करताच, तो चित्रपट आता कोणाला आठवतो, असे म्हणत अनेकांनी त्या विभागाला न पाहताच मोडीत काढले. मे २०१७ मध्ये तो उघडला तेव्हा तिथल्या रांगा तासन्‌तासांच्या होत्या.

२०१९ मध्ये स्टार वॉर्सच्या ‘गॅलक्सीज एज’वर हीच वेळ आली. डिस्नेलँडमध्ये ३१ मे रोजी तो खुला झाला तेव्हा दोन प्रमुख राइडपैकी एकच तयार होती. त्या उन्हाळ्यात गर्दी अपेक्षेइतकी झाली नाही आणि ‘सपशेल अपयश’ हा शिक्का लगेच बसला. जुनी, लाडकी पात्रे तिथे भेटत नाहीत, ही तक्रार रास्त होती. पण जमिनीत यंत्रमानवांच्या चाकांचे माग उमटवण्यापर्यंत घेतलेली मेहनत त्या गदारोळात कोणाला दिसली नाही, याचे मला आजही वाईट वाटते. त्याच डिसेंबरात फ्लोरिडातल्या ‘गॅलक्सीज एज’मध्ये दुसरी राइड, ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’, सुरू झाली आणि तिच्यासाठी लोक पहाटेपासून ताटकळू लागले.

पैशाचा रागही या टीकेत मिसळलेला असतो. लांब रांग टाळू देणाऱ्या, पूर्वी मोफत मिळणाऱ्या फास्टपासच्या जागी २०२१ मध्ये अमेरिकेतील डिस्ने पार्कमध्ये सशुल्क व्यवस्था आली; ज्याला रांग टाळण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात, त्याला समोरचा विभाग अधिकच फिका वाटणार, हे उघड आहे.

या साऱ्यात सर्वाधिक बोलणी खाल्ली ती फ्लोरिडातील डिस्नेच्या ॲनिमल किंगडम पार्कमधील डिनो-रामा या विभागाने. डायनासोरचे अवशेष सापडल्यावर चेस्टर आणि हेस्टर या पेट्रोल पंपवाल्या जोडप्याने आपल्या आवारात हौसेने मांडलेली रस्त्याकडेची जत्रा, अशी त्याची कथा होती; म्हणून पायाखालचे डांबर मुद्दाम भेगाळलेले होते आणि त्यावर पार्किंगचे पट्टेही आखलेले होते. ‘हे तर पार्किंगच आहे’ असे हिणवणाऱ्यांनी खरे तर रचनाकारांचा हेतूच बोलून दाखवला होता. मात्र फ्लोरिडाच्या उन्हात तापलेल्या त्या डांबरावर, सावलीविना उभ्या असलेल्या माणसाला कथेचे कौतुक वाटणे कठीण होते. नेमका हाच साधा, दुरुस्त करता येण्याजोगा दोष ‘सर्वांत वाईट विभाग’ या बिरुदाखाली दबून राहिला. जानेवारी २०२५ मध्ये डिनो-रामा बंद झाला.